कुंपणाबाहेरचं गवत

२१ ऑक्टोबर २०२४, सोमवार

नवी वही सुरू केली. जुन्या वहीत एकतीस वर्षांची शाळा आहे, तिच्यात हे मिसळायला नको.

आज ग्रामसभा झाली. विषय एकच, बरडी. गावाच्या पूर्वेला, आंबागडच्या डोंगराकडे चढत जाणारी अडतीस एकर मुरमाड जमीन. कागदावर गायरान, प्रत्यक्षात खांद्याइतकी रानतुळस. गुरं तिला तोंड लावत नाहीत. तालुक्याच्या पत्रात स्पष्ट लिहिलं आहे: चराईला उपयोग नसेल तर जमीन पडीक समजून सौर प्रकल्पाला दिली जाईल. गावाने हरकत घेतली म्हणून एक पावसाळा मिळाला. पुढच्या सप्टेंबरात पाहणी होईल. गवत दिसलं तर गायरान राहील.

चराई समितीचा अध्यक्ष कोणी होईना. सरपंच धनंजय उभा राहिला आणि म्हणाला, "आपल्या मॅडम आहेत नं. बीएस्सी आहेत, तेही वनस्पतीशास्त्रात." हा धनंजय तुमसरच्या शाळेत माझाच विद्यार्थी होता. दोनदा विज्ञानात नापास झाला होता. आता मला विज्ञानाचं काम देतो आहे. मी हो म्हटलं. रिटायर होऊन चार वर्षं झाली, दुपार जाता जात नाही, हे कारण सभेत सांगितलं नाही.

सभा संपल्यावर परसराम दाराशी थांबला होता. हा गावचा गायकी. सकाळी घराघरांतली गुरं आखरावर गोळा होतात, तिथून हा एकटा एकशे चार जनावरं हाकत नेतो आणि संध्याकाळी परत आणतो. त्याच्या बापाने आणि आजानेही हेच केलं. मला म्हणाला, "बाई, बरडी गेली तं गुरं काय सडकेवर चारू?"

मी म्हटलं, "जाणार नाही. मी शब्द दिला आहे."

त्याने मान हलवली. पटलं म्हणून की ऐकलं म्हणून, ते कळलं नाही.

२५ ऑक्टोबर

दोन तास बरडी फिरले. गुडघा दुखतो. रानतुळस, तरोटा, कडेला रायमुनिया, म्हणजे घाणेरी. बारा वर्षांपूर्वी इथे निलगिरी लावली होती. गुरांना बंदी घातली, झाडं तिसऱ्या उन्हाळ्यात मेली आणि मोकळ्या जागेत ही रानतुळस शिरली. आता अडतीस एकरांत पवन्या गवताचे मोजून सात झुबके सापडले. पवन्या म्हणजे गुरांचं आवडतं गवत, दूध वाढवणारं. माझ्या लहानपणी इथे कमरेइतका पवन्या असायचा.

उपाय मला पुस्तकात शिकवला तोच आहे. आधी पूर्ण चराईबंदी, तारेचं कुंपण. मग रानतुळस मुळासकट उपटणं. मग चांगलं बियाणं पेरणं. जमिनीला विश्रांती दिली की ती सावरते. यात अवघड काही नाही, शिस्त हवी.

२८ ऑक्टोबर

कुंपणाचे खांब आजपासून पुरायला घेतले. तलावाच्या बाजूने ट्रॅक्टरची वाट जाते, तिथे कटकट नको म्हणून खांब पंधरा मीटर आत घेतले. तेवढी पट्टी बाहेर राहील. मोठं नुकसान नाही.

दुपारी परसराम आणि त्याची बायको धुरपता घरी आले. धुरपता बसली नाही, ओसरीच्या खांबाला टेकून उभी राहिली.

परसराम म्हणाला, "बाई, एक अर्ज होता. दिवाळीच्या पाडव्याले गोधन हाय. निलगिरी लागायच्या आंधी आमी बरडीवरच खेळवत होतो. मंग शाळेच्या पटांगणात नेलं. यंदा पुना बरडीवर करू द्या."

मी म्हटलं, "चराईबंदी म्हणजे बंदी. शंभर गुरं एकाच वेळी धावली तर जमिनीचं काय होईल?"

"जमिनीचं चांगलंच होते जी."

"कसं?"

 त्याला कसं ते सांगता येईना, किंवा त्याला ते मला सांगावंसं वाटेना. धुरपता म्हणाली, "सरसोती मायनं शाळा शिकवली तुमाले, आमाले गुरांनं. आता कोनाचं खरं मानावं?" आणि हसली. मला हसू आलं नाही. नाही म्हणून सांगितलं.

लिहून ठेवते, कारण वहीत खोटं लिहायचं नाही असं मी ठरवलं आहे. गोधन मला कधीच आवडलं नाही. शेणाचा गोवर्धन करायचा, त्यावरून गावभरची गुरं पळवायची, गुरं राखणाऱ्या गोवाऱ्यांनी सजवलेल्या बांबूची ढाल नाचवायची, डफ वाजवायचा, लहान लेकरं त्या शेणावर लोळवायची. मी चौथीत असताना वडिलांनी आमची गाय गोधनाला पाठवणं बंद केलं. आमच्या मोहल्ल्यातली गुरं सगळ्यांच्या मागून सोडत, गोवर्धन पुरता तुडवून झाल्यावर. वडील म्हणाले, "आपण बाबासाहेबांचा धम्म घेतला. आपली गाय कोणाच्या मागून जाणार नाही." बरोबरच केलं. पण आजच्या निर्णयाशी त्याचा काही संबंध नाही. आजचा निर्णय जमिनीसाठी आहे.

२ नोव्हेंबर, शनिवार

पाडवा. कुंपण तपासायला म्हणून बरडीकडे गेले होते.

त्यांनी गोधन कुंपणाबाहेरच्या पट्टीवर मांडलं. पट्टी माझ्या अध्यक्षतेखाली येत नाही, म्हणून बोलले नाही. परसराम आणि आणखी दोघे दोन दिवस डोंगराच्या पायथ्याशी जाऊन पवन्याचे भारे कापून आणत होते, पिकलेला, वाळलेला, तुऱ्यासकट. ते भारे पट्टीभर पसरले. वर शेण टाकलं. मग सगळी गुरं शिंगं रंगवलेली, गळ्यात घंटा, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे तासभर पळवली. शेण, गवत, माती सगळं एक झालं. डफ चालू होता. लोकांच्या चपला चिखलात रुतत होत्या, तरी कोणाला काही वाटत नव्हतं. स्वच्छतेचा पार बोजवारा.

मी कुंपणाच्या आत उभी होते. शेवटपर्यंत थांबले, कारण गुरं तारेत घुसू नयेत हे पाहणं माझं काम.

घरी चांदी हंबरत होती. डफाचा आवाज तिच्यापर्यंत येत असणार. ही माझी गाय. मी तिला कळपात पाठवत नाही, दावणीलाच धानाचं तणस आणि ढेप घालते. तिची तब्येत उत्तम आहे. थोडी जाड झाली आहे एवढंच.

१७ डिसेंबर

रानतुळस उपटण्याचं काम आज संपलं. रोजगार हमीवर बावीस बाया, पाच आठवडे. झाडं वाळून कडक झाली होती म्हणून सहज उपटली गेली. ढीग करून बांधाकडे ओढत नेले. बरडी पहिल्यांदाच मोकळी दिसते आहे. फार बरं वाटलं.

धुरपता त्या बायांत होती. सारा दिवस तोंड बंद नाही. एक झुडूप माझ्यासमोर झटकून म्हणाली, "बाईजी, आपन हे काढून राहिलो का पेरून राहिलो?" झटकल्यावर त्यातून बारीक काळं बी माझ्या साडीवर पडलं. बाया खदखदून हसल्या. कामात थट्टा चालायचीच, पण मी सांगितलं की वेळ वाया घालवू नका.

९ फेब्रुवारी २०२५

गावातल्या खुशालने दोन बैल विकले. दाराशी ट्रॅक्टर आहे आणि चारा विकत घेणं परवडत नाही, असं म्हणतो. या महिन्यात विकणारं हे तिसरं घर. परसरामच्या कळपात आता पंचाण्णव जनावरं. शंभराच्या खाली कळप त्याच्या बापाच्या काळातही गेला नव्हता, असं धुरपता विहिरीवर सांगत होती. मी ऐकलं. ती मला ऐकवण्यासाठीच बोलत होती.

रुचिताचा पुण्याहून फोन. "आई, तू या वयात कुंपणं कसली घालतेस?" मी म्हटलं, या वयातच घालता येतात, नोकरीत असताना सुट्टी मिळत नव्हती.

१४ एप्रिल

सकाळी विहारात वंदना, मग मिरवणूक. भाषणात मी गावच्या सामाईक जमिनीवर बोलले. सामाईक जमीन ही ज्याच्याकडे जमीन नाही त्याची जमीन असते. टाळ्या मिळाल्या. परसराम रस्त्याच्या कडेला कळप अडवून उभा होता, मिरवणूक जाईपर्यंत. कळपाचा सगळा धुरळा त्याने अंगावर घेतला, लोकांवर येऊ दिला नाही.

१२ जून

बरडीवर स्टायलो आणि दीनानाथ गवताचं बियाणं फेकलं. भंडाऱ्याहून आणलं होतं. पिशवीवरच्या सूचनेप्रमाणे वाळूत मिसळून. कुंपणाला कुलूप. चावी माझ्या कमरेला.

११ जुलै

काल आखाडी, म्हणजे आषाढी पौर्णिमा झाली. आज कुंपणाच्या फेरीला गेले तर बाहेरच्या पट्टीच्या दोन टोकांना दोन काठ्या रोवलेल्या दिसल्या, प्रत्येकीला पळसाची हिरवी डहाळी बांधलेली. तार नाही, खांब नाही. कळप तलावाच्या पाळीवरून आला, काठीजवळ परसरामने नुसतं "हाऽऽ" केलं आणि सगळी गुरं वळून बांधाबांधाने गेली.

"या काठ्या कशाला?" मी विचारलं.

"राखन हाय जी. आखाडीपासून गोधनापर्यंत या पट्टीत कोनी जनावर घालत नाही. बाकीचे गाववाले बी नाही घालत."

"आणि घातलं तर?"

तो माझ्याकडे असं पाहत राहिला की जणू मी विचारलं, कोणी देवळात चपला घालून गेलं तर.

"कोनी घालत नाही," तो म्हणाला.

कुंपणाच्या आत बियाणं उगवलेलं दिसतं आहे. खात्रीने सांगता येत नाही, रोपं फार लहान आहेत.

३ ऑगस्ट, रविवार

दहा दिवस पावसामुळे गेले नव्हते. आज गेले.

आत रानतुळस. गुडघ्याइतकी, दाट, एकसारखी, जणू कोणी पाभरीने पेरली. खाली वाकून पाहिलं, दीनानाथची काही पिवळी रोपं सावलीत मरत होती.

आणि तारेच्या बाहेर पवन्या. पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मांडीइतका. हिरवा, वाऱ्याने लवणारा. मध्ये रानतुळशीची चारदोन रोपं होती, तीही गवताने दाबून टाकलेली.

तारेला धरून बराच वेळ उभी राहिले. तार काटेरी आहे, हाताला लागली तेव्हा कळलं.

माती तीच, ऊन तेच, पाणी तेच. फरक एकच. आत मी होते, बाहेर ते होते.

डिसेंबरात आपण काढतोय का पेरतोय, असं धुरपताने विचारलं होतं. थट्टा नव्हती ती. बी झाल्यावर उपटून, अडतीस एकर ओढत नेऊन, मी माझ्या हाताने रानतुळस पेरली. सातवीच्या मुलाला मी याबद्दल बाकावर उभं केलं असतं.

सहा आठवडे उरले आहेत. काय करावं सुचत नाही. म्हणजे सुचतं आहे, पण त्यासाठी कोणाकडे जायला हवं ते मला माहीत आहे आणि पाय निघत नाही.

४ ऑगस्ट

निघाले. सकाळी साडेसहाला आखरावर गेले. गुरं जमत होती. परसराम एका गोऱ्ह्याच्या कानातले गोचीड काढत होता. मला पाहून उठला.

मी म्हटलं, "परसराम, माझं चुकलं. आता सांग, काय करायचं."

तो घाबरलाच. "तसं नाही जी बाई, तुमी..."

धुरपता मागून म्हणाली, "माफी मांगून राहिली नं बाई, मंग घ्या नं. रोज रोज थोडी भेटते."

परसराम हसला. मग आम्ही आखराच्या दगडावर बसलो आणि त्याने सांगितलं. माझ्याकडे वही होती. तो सांगत गेला आणि मी लिहीत गेले. एकसष्ट-बासष्ट सालानंतर बहुधा पहिल्यांदा आम्ही एका ठिकाणी बसून काही लिहिलं. चौथीपर्यंत आम्ही एका वर्गात होतो. नाही, साल चुकलं, त्या वर्षी मी जन्मले. एकाहत्तर. हल्ली आकडे चुकतात.

त्याचं म्हणणं असं. पवन्याचं बी हलकं असतं, त्याला कुसळ असतं. नुसतं फेकलं तर वाऱ्याने जातं, मुंग्या नेतात, कडक मुरमावर पडून राहतं. त्याला कोणीतरी दाबावं लागतं. गुराचा खूर बरोबर तेवढंच दाबतो, बोटाच्या एका पेराएवढं. वर शेण पडलं की ओल राहते. म्हणून गोधनाला पिकल्या गवताचे भारे अंथरतात. "आमचा आजा म्हने, गोधन म्हंजे गवताची पेरनी होय. लोक गुरं पाहतेत, आपन खालचं पाहावं."

"हे तू मला ऑक्टोबरात का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलं, कसं होते. मी इचार करत होतो का बीएस्सीवाल्या बाईले हे कसं सांगावं. तवरिक तुमी नाही म्हनून टाकलं."

खरं आहे. मुलाला उत्तराला वेळ न देणं, हा माझा जुना दोष आहे. शाळा तपासणीतही एकदा लिहिला होता.

पुढचं: आखाडी ते गोधन गुरं घालायची नाहीत, गवताला बी धरू द्यायचं. गोधनानंतर घालायचीच, नाहीतर जुनं गवत वाळून गुंता होतो आणि नव्याला ऊन मिळत नाही. म्हणजे बंदीही हवी आणि चराईही हवी, आणि दोन्ही आपापल्या वेळी. मी बारा महिने बंदी घातली होती. निलगिरीवाल्यांनीही तेच केलं होतं.

"आणि रानतुळस?" मी विचारलं.

धुरपताने उत्तर दिलं. "आता उपटा. फूल याच्या आंधी. ओल्या मातीतून हातानं निंगते. पोळ्यापर्यंत उरकलं पाह्यजे."

चावी परसरामला दिली. कमरेला ओझं झालं होतं.

१९ ऑगस्ट

चौदा दिवस उपटणं चालू आहे. कोवळी झाडं, फूल नाही, बी नाही. तिथेच उलटी टाकतो, कुजून खत होईल. अडतीसपैकी अकरा एकर झाली. बाया बावीस नाहीत, एकतीस आहेत. खुशालची बायकोही येते.

मीही उपटते. धुरपता माझ्या ओळीकडे पाहून म्हणाली, "बाईजीची ओळ पाहा वं, जशी पट्टीनं मारली." मग म्हणाली, "पन मूळ राहून राहिलं खाली." दोन्ही खरं.

गुडघा फार दुखतो. झोप छान लागते.

११ सप्टेंबर

पत्र आलं. पाहणी अठराला.

धनंजय धावत आला. "मॅडम, एक आयडिया हाय. कुंपण पंधरा मीटर आत हाय नं? खांब उपटून ट्रॅक्टरच्या वाटेकडे सरकवतो. एका दिवसाचं काम. मंग सगळं गवत आपल्या कुंपणात येते. साहेब गेटातून पाहतील, हिरवंगार दिसल. आत कोन जाते?"

कबूल करते की मी क्षणभर विचार केला. पट्टी गायरानाच्याच गटात येते, म्हणजे कागदाने ती खोटीही नाही. साहेब फाटकातून पाहून जातील, ही शक्यताही खरी. जमीन वाचली असती.

पण मग पुढच्या वर्षी काय? जी गोष्ट कशी झाली ते कागदावर खोटं लिहिलं, ती पुन्हा करता येत नाही. आणि ते गवत माझ्या कुंपणाने आणलं असं लिहिलं गेलं असतं.

मी म्हटलं, "धनंजय, तू आठवीत शेजाऱ्याचा पेपर पाहून लिहिला होतास, आठवतं?"

"मॅडम, ते सोडा नं आता."

"खांब तिथेच राहतील."

तो गेल्यावर घाबरले. शब्द माझा, पण जमीन परसरामची जाणार. हे आधी त्याला विचारायला हवं होतं. उद्या विचारते.

१२ सप्टेंबर

विचारलं. परसराम म्हणाला, "खांब सरकवले तं गुरायले समजते जी. गुरं रोज पाहतेत." मग थोडं थांबून, "साहेबाले खरं सांगतलं तं काय होईल?"

"माहीत नाही. जमीन जाऊही शकते."

"मंग सांगून पाहू. पन तुमी सांगा बाई. माह्या तोंडून शब्द निंगत नाही साहेबापुढं."

१८ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी दहाला साहेब आले, विस्तार अधिकारी. तरुण, बूट पांढरे. फाटकातून पाहून जाणारे नव्हते, हातात फोनवर नकाशा होता आणि सरळ आत चालू लागले. खांब सरकवले असते तर तिथेच फजिती झाली असती. धनंजय माझ्याकडे न पाहता चालत होता.

आत साफ केलेली सतरा एकर, उघडी; पोळ्यानंतर बाया धानाच्या कामाला गेल्या, तिथेच थांबलं. उरलेल्या एकवीस एकरांत रानतुळस, फुलावर येऊ लागलेली. साहेबांनी फोटो काढले. "मॅडम, गवत कुठे आहे?"

 मी म्हटलं, "गवत बाहेर आहे. या."

फाटकातून बाहेर आलो. पवन्या आता छातीइतका, तुऱ्याचा रंग तांबूस. साहेब थांबले. मी सगळं सांगितलं. कुंपण माझं, बियाणं माझं, डिसेंबरातली चूक माझी. बाहेरचं गवत यांच्या गोधनाचं आणि दोन काठ्यांचं. काठ्या दाखवल्या.

"म्हणजे तार नसलेल्या जागेत गुरं गेली नाहीत?"

"नाही."

"आणि तार असलेल्या जागेत गवत आलं नाही."

"नाही."

साहेब गवतात उतरले. पांढरे बूट गेले चिखलात. एक तुरा तोडून हातावर चोळला. मग परसरामकडे वळून म्हणाले, "काका, सगळ्या बरडीवर असं गवत यायला किती वेळ लागेल?"

परसरामने माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम तलावाकडे पाहत राहिले. वर्गात असंच करायचं असतं, नाहीतर मूल बोलत नाही.

तो बोलला. "साहेब, जिथं गोधन खेळते तिथं एका पावसात येते. पन बरडी मोठी हाय. दरसाली थोडं थोडं पुढं सरकावं लागन. तीन दिवाळ्या द्या."

"तीन दिवाळ्या," साहेबांनी म्हटलं आणि लिहून घेतलं.  धुरपताने चहा आणला, तो प्याले. गाडी गेली.

मी घरी येऊन चांदीजवळ बसले. का ते माहीत नाही.

२ ऑक्टोबर

दसरा आणि धम्मचक्र दिनही. रुचिता आली आहे, परवा जाईल. पत्र नाही. रोज पोस्टमनची वाट पाहते आणि त्याला तसं दिसू देत नाही.

१३ ऑक्टोबर

पत्र.

"सदर गट क्रमांकातील क्षेत्र चराई पुनरुज्जीवनाखाली असल्याचे पाहणीत आढळून आले. समितीस तीन वर्षांची मुदत देण्यात येत आहे. दरवर्षी दिवाळीनंतर प्रगती अहवाल सादर करावा."

दिवाळीनंतर. सरकारी कागदात मी हे पहिल्यांदा वाचलं.

पत्र घेऊन आखरावर गेले. चालत जायचं ठरवलं होतं, पण बहुतेक धावले, कारण धुरपता म्हणाली, "बाईजी, गुडघा बरा झाला वाटते." परसरामला वाचून दाखवलं. पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा मी कागद खुशालच्या हातात दिला, त्याने वाचलं. मग खुशाल उगाच गुरांकडे पाहत म्हणाला, "एखादी गाय घ्यावं म्हनतो." सगळ्यांनी ऐकलं.

२२ ऑक्टोबर २०२५, बुधवार

पाडवा. फाटक काल संध्याकाळीच काढून ठेवलं. नुसतं उघडायचं नव्हतं, काढायचंच होतं. तार पुढच्या महिन्यात गुंडाळू, तलावाकडच्या शेतकऱ्यांना रानडुकरांसाठी लागते आहे.

सतरा एकरांतल्या पहिल्या तीन एकरांवर भारे पसरले, यंदा डोंगरातून नाही, बाहेरच्याच पट्टीतून कापलेले. मी स्वतः चार भारे पसरले. परसराम मागून येऊन पातळ करत होता. मी फार दाट पसरते, म्हणाला.

गोवर्धन झाला. डफ सुरू झाला. सत्त्याण्णव जनावरं फाटकाच्या जागी दाटली. मी बाजूला उभी होते, नेहमीप्रमाणे.

परसराम ढाल दुसऱ्याच्या हातात देऊन माझ्याकडे आला. "बाई, चांदी कुठं हाय?"

"घरी. ती कळपात जात नाही, तुला माहीत आहे."

"आना तिले. थांबतो."

"एवढी गुरं ताटकळत ठेवणार? मागून येईल ती."

"मागून नाही." तो एवढंच म्हणाला. मग जमिनीकडे पाहत, "तवा काठी घेऊन माहा बापच उभा राहे जी. तुमची गाय मागं हाकलताना. मी पाहत होतो. लहान होतो, पन पाहत होतो."

मी वळले.  घरी गेले, चांदीचं दावं सोडलं. ती आधी दचकली, मग मलाच ओढत निघाली. शिंगं रंगवलेली नव्हती. धुरपताने वाटेतच आपल्या केसांतलं झेंडूचं फूल काढून तिच्या कपाळाच्या दोरीत खोचलं आणि म्हणाली, "बाईवानीच दिसून राहिली, जाड आन करडी." लोक हसले. मीही.

परसरामने कळप अडवून धरला होता. सत्त्याण्णव जनावरं आणि सगळं गाव. मी हातातलं दावं सोडलं.

चांदी एकटी गवतावर उभी राहिली, वास घेतला, एक तुरा तोडून चावला. मग कोणी न हाकलता चालू लागली, सगळ्यांच्या पुढे, मध्यापर्यंत. मग परसरामने "हाऽऽ" केलं आणि मागून सगळी गुरं सुटली.

संध्याकाळ झाली आहे. चांदीला धुवायला बादली भरून ठेवली होती. तिच्या खुरांना शेण, माती आणि पवन्याचं बी चिकटलं आहे. बादली तशीच ठेवली. उद्या सकाळी तिला आखरावर सोडते आहे. बरडीवर जाऊन तिने ते तिथेच झटकावं.